परीस कोणाच्या हाती?

जालन्यातील मस्तगड भागातल्या एका ख्रिस्ती कुटुंबात संध्याकाळची जपमाळ आटोपून चहा चालू असताना घरच्या सूनबाईंनी आमच्यापुढे एक जाडसर पुस्तक आणून ठेवले. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचा तो मराठी अनुवाद होता : ‘हॅरी पॉटर आणि परीस’. सहावीत शिकणाऱ्या मुलाच्या उशाखाली तो सापडला होता.

“ह्यात एकशिंगी घोड्याचं रक्त आहे, बकरीच्या पोटातला खडा आहे, मुळ्या उकळून झोपेचं औषध करायची रीत आहे. असलं पुस्तक येशूच्या तसबिरीखाली ठेवावं का, तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. आम्ही उत्तर देण्याआधीच कोपऱ्यातून आजी बोलल्या, “अगं, तुझ्या नवऱ्याला मी बाळगुटीत गोरोचन उगाळून चाटवलं होतं. ते तरी कुठून येतं? गाईच्या पित्तातनंच ना?”

सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जादू म्हटली की पाप, एवढे म्हणून पुस्तक बंद करणे सोपे आहे. आणि सगळे जग वाचते म्हणून ते उघडणेही तितकेच सोपे आहे. दोन्हींत पुस्तक वाचण्याचे कष्ट वाचतात. आम्ही ते कष्ट घ्यायचे ठरवले, आणि वाचताना एकच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली : या कथेतील चमत्कारिक वस्तू कोणाला मिळतात, कोणत्या मोलाने मिळतात, आणि हाती आल्यावर त्या माणसाचे काय करतात? अद्भुतकथेची पारख याच कसोटीवर व्हावी, असे आम्हांला वाटते.

मूळ कादंबरी १९९७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. मराठी अनुवाद मंजुल प्रकाशनाने काढला. मावशीच्या घरी जिन्याखालच्या अडगळीत वाढलेल्या हॅरी नावाच्या अनाथ मुलाला अकराव्या वाढदिवशी कळते की, आपले आईवडील जादूगार होते आणि जादूच्या शाळेत आपले नाव दाखल आहे. मग शाळेचे सामान घ्यायला तो एका छुप्या बाजारात जातो. या बाजाराचे वर्णन हा कादंबरीतील अत्यंत रसाळ भाग आहे. तेथील औषधी द्रव्यांच्या दुकानात पिंपेच्या पिंपे भरून बुळबुळीत पदार्थ आहेत, बरण्यांत मुळ्या आणि पुडी आहेत, छताला पिसे आणि नख्या टांगलेल्या आहेत. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा, बेहडा, नागरमोथा, वेखंड यांच्या पोत्यांमधून वाट काढत गेलेल्या वाचकाला तो वास ओळखीचा वाटेल.

लेखिकेची हातोटी अशी की, ती अद्भुत वस्तूला बाजारभाव लावते. एकशिंगी घोड्याचे रुपेरी शिंग एकवीस सोन्याच्या नाण्यांना, आणि भुंग्याचे चमकदार डोळे पळीमागे पाच चिल्लर नाण्यांना! ज्या वस्तूला भाव आहे ती खरी वाटते. मूल तिच्यावर विश्वास ठेवते. जुन्या कथांत राजपुत्राला जादूची गोष्ट साधूच्या कृपेने मिळत असे; येथे ती वजनकाट्यावर मिळते. या भावांच्या यादीत कोणती गोष्ट नाही, हे वाचकाने लक्षात ठेवावे. कादंबरीचा अर्थ तेथेच दडलेला आहे.

या यादीतील पुष्कळशा वस्तू लेखिकेने नव्याने निर्माण केलेल्या नाहीत. जादूच्या अर्कांचा कडक शिक्षक पहिल्याच तासाला हॅरीला तीन प्रश्न विचारतो. त्यांतील एका प्रश्नात आपल्या दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती येते. दुसऱ्याचे उत्तर, ज्याला आपण बचनाग म्हणतो त्याच्याच कुळातले एक विषारी झाड. आणि तिसरा प्रश्न बकरीच्या पोटात सापडणाऱ्या, विष उतरवणाऱ्या खड्याचा. इंग्रजीत त्याला ‘बेझोअर’ म्हणतात. तो शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचा अर्थच विषहारक असा आहे. आपल्याकडे विष उतरवणाऱ्या अशा खड्याला जहरमोहरा म्हणत.

या खड्याचा इतिहास तर थेट आपल्या दाराशी येतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. पुढे सतराव्या शतकात अस्सल खडे दुर्मीळ आणि अतोनात महाग झाले, तेव्हा गोव्यातील येशूसंघीय मठात कृत्रिम खडे घडवले जाऊ लागले. फ्लॉरेन्सहून आलेल्या गास्पार आंतोनियो या बंधूंचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. अस्सल खड्याची पूड, पोवळे, मोती, कस्तुरी, अंबर, रत्नांचा चुरा असे पदार्थ एकत्र मळून, गोळा करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवत. युरोपातील धनिक तो गोळा सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवीत आणि दुखणे आले की त्याचा कीस पाण्यातून किंवा द्राक्षारसातून घेत. ‘गोव्याचे खडे’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात डबीसह असा एक खडा जपून ठेवलेला आहे. म्हणजे ज्या वस्तूला पाहून एक कॅथलिक आई दचकली, तशीच वस्तू कधीकाळी आपल्याच धर्मबंधूंनी औषध म्हणून मोठ्या निष्ठेने घडवली होती.

त्या खड्याने विष उतरत होते काय? फ्रान्सचा शस्त्रवैद्य आंब्रोझ पारे याने सोळाव्या शतकातच त्याची परीक्षा घेतली होती. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याने फाशीऐवजी विष आणि त्यावर हा खडा घेण्याचे कबूल केले. तो काही तासांत तडफडून मेला. ही हकिगत क्रूर आहे. पण तिच्यातून एक धडा मिळतो. खडा राजाच्या संग्रहातला होता, मोलाचा होता, सर्वांचा त्यावर विश्वास होता. तरीही तो खोटा ठरला. वस्तूची किंमत म्हणजे वस्तूचे सामर्थ्य नव्हे. कादंबरीत हा खडा खरोखर विष उतरवतो, कारण ते कथेचे जग आहे. मुलाला हा भेद कळतो का? आमचा अनुभव असा की, मुलांना तो पुष्कळदा मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

आता शीर्षकाकडे वळू. मूळ शीर्षकातील खडा हा युरोपातील किमयागारांच्या कल्पनेतला. त्याने हिणकस धातूचे सोने होते आणि त्यापासून केलेल्या अर्काने माणूस मरत नाही. कथेत तो निकोलस फ्लामेल याच्या मालकीचा आहे. हा फ्लामेल पॅरिसमधला खरा लेखनिक. १४१८ साली तो वारला आणि किमयागार म्हणून त्याची कीर्ती नंतर पसरली. अमेरिकेतल्या आवृत्तीत १९९८ साली शीर्षकातला तत्त्वज्ञ जाऊन मांत्रिक आला. मराठीत आला तो परीस. ही निवड आम्हांला फार मार्मिक वाटते, आणि थोडी तोट्याचीही. तोटा असा की, आपला परीस लोखंडाचे सोने करतो, पण मृत्यू टाळीत नाही. त्यासाठी आपल्याकडे अमृत आणि संजीवनी ही वेगळी नावे आहेत. या कादंबरीतील खलनायकाला सोन्याची हाव नाही, त्याला मरायचे नाही. केवळ शीर्षक वाचून पुस्तक उघडणाऱ्या मराठी वाचकाची अपेक्षा त्यामुळे जरा आडवाटेला जाते.

पण लाभ मोठा आहे. परीस म्हटल्याबरोबर मराठी मनात संतांची एक आख्यायिका जागी होते. पंढरपूरच्या परिसा भागवतांना रुक्मिणीच्या कृपेने परीस मिळाला होता. त्यांच्या पत्नीकडून तो संत नामदेवांच्या घरी आला. घरच्या दारिद्र्याला कंटाळलेल्या राजाईला तेवढाच आधार वाटला. नामदेवांनी तो चंद्रभागेत फेकून दिला. परिसा भागवत आपली ठेव मागायला धावत आले, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून पुढे केले. त्यांतला प्रत्येक खडा परीस होता, आणि नामदेवांना त्यांतला एकही नको होता. मराठवाड्यातील नरसी या गावाशी नाते सांगणाऱ्या संताची ही कथा ज्या भाषेत सांगितली जाते, त्या भाषेत ‘परीस’ हा शब्द नुसत्या लाभाचा राहत नाही. ज्याला तो नको, त्याच्याच हाती तो शोभतो, असा अर्थ त्याला चिकटलेला आहे.

आणि विलक्षण गोष्ट अशी की, कादंबरीचा शेवट नेमका हाच आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी परीस एका आरशात लपवला आहे. या आरशात आपले प्रतिबिंब दिसत नाही. मनाच्या तळाशी जी इच्छा असेल ती दिसते. अनाथ हॅरीला त्यात आईवडील दिसतात. पाच भावांच्या मागे वाढलेल्या त्याच्या मित्राला स्वतःचा एकट्याचा गौरव दिसतो. परीस चोरायला आलेल्या माणसाला आपण परीस धन्याच्या हाती देत आहोत असे दिसते, पण तो मिळत नाही. हॅरीला मात्र काहीच करावे लागत नाही. परीस अलगद त्याच्या खिशात येतो. कारण मुख्याध्यापकांची योजनाच तशी होती : ज्याला परीस शोधायचा आहे पण वापरायचा नाही, त्यालाच तो मिळावा. शेवटी फ्लामेल दांपत्य परीस नष्ट करण्यास संमती देते आणि मृत्यूचा शांतपणे स्वीकार करते. कादंबरी ज्या वस्तूच्या नावाने ओळखली जाते, ती वस्तू शेवटी उरत नाही!

याच्या उलट वस्तूही कथेत आहे. एकशिंगी घोड्याचे रक्त प्यायल्यास मरणाच्या दारातला माणूस जगतो. पण निष्पाप जिवाला मारल्यामुळे त्या क्षणापासून त्याचे जिणे शापित होते. पंचतंत्रातील चार गरीब ब्राह्मणांची गोष्ट आमच्या वाचकांना आठवेल. भैरवानंद योग्याने त्यांना चार सिद्ध वाती दिल्या; वात पडेल तेथे खणावे. पहिल्याला तांबे मिळाले, दुसऱ्याला रुपे, तिसऱ्याला सोने. ते तेथेच थांबले. चौथा रत्नांच्या आशेने पुढे गेला आणि त्याच्या मस्तकावर चक्र फिरू लागले. एकशिंगी घोड्याचे रक्त आणि चौथी वात ही एकाच जातीची वस्तू होय. ती मागितलेले देते, आणि मागणाऱ्यालाच गिळते.

जे. आर. आर. टोल्किन या कॅथलिक लेखकाने आपल्या बृहत्कथेत हाच विचार अधिक खोलवर नेला. त्याच्या कथेतील अंगठी सर्वसमर्थ आहे, आणि तिचा एकच चांगला उपयोग आहे : ती नष्ट करणे. ती नष्ट होण्याची तारीख त्याने २५ मार्च ठरवली. पवित्र मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण आपण त्याच दिवशी साजरा करतो. सत्ता हवी असणाऱ्याचा पराभव आणि ‘मी प्रभूची दासी’ म्हणणारीचा दिवस एकच असावा, यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आता भावांच्या यादीत नसलेली ती गोष्ट. खलनायकाचा हस्तक शेवटी हॅरीला धरू पाहतो, आणि मुलाच्या नुसत्या स्पर्शाने त्याचे हात भाजतात. हॅरीचे रक्षण त्या क्षणी ना ताईत करतो, ना अर्क, ना खिशातला खडा. त्याच्या आईने त्याला वाचवताना प्राण दिला होता. त्या प्रेमाची खूण त्याच्या कातडीत राहिली आहे, असे मुख्याध्यापक सांगतात. एकवीस नाण्यांची शिंगे आणि पळीने मोजलेले डोळे यांनी भरलेल्या त्या बाजारात ही एकच गोष्ट विकत मिळत नाही. ख्रिस्ती वाचकाला येथे क्रूसाची आठवण झाली, तर ती ओढूनताणून झाली असे म्हणता येणार नाही.

तरीही पुस्तकाचे दोष सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की, या जगात जादू जन्माने येते. ज्याच्यात ती आहे त्याला शाळेचे पत्र येते. ज्याच्यात नाही, त्याने कितीही कष्ट केले तरी दार उघडत नाही, आणि अशा माणसांचे चित्रण पहिल्या भागात बहुतेक हास्यास्पद आहे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचे दुःख ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्या मराठवाड्यातील आमच्या धर्मग्रामांना हे खटकल्यावाचून राहणार नाही. पुढील भागांत लेखिकेने रक्तशुद्धीच्या अहंकारावर कठोर प्रहार केला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण जादूगार आणि इतर माणसे यांच्यातली भिंत तिने पाडली नाही. दुसरा दोष खरेदीच्या हौसेचा. हॅरीच्या नावावर तळघरात सोन्याची रास आहे. नियम मोडून त्याला सर्वांत वेगवान उडता झाडू मिळतो. वस्तूंचा दिमाख मुलाच्या मनात घर करतो. परीस नको म्हणणाऱ्या कथेने झाडूची हाव लावावी, ही विसंगती आहे.

पण त्या माउलीच्या भीतीचे मूळ आम्हांला वेगळ्याच ठिकाणी दिसते. पुस्तकातील सामानापेक्षा आपल्या आजूबाजूचे सामान अधिक भयंकर आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, मांडूळ घरात ठेवले की पैशाचा पाऊस पडतो, अशा समजुतींपायी वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेल्या त्या निरुपद्रवी सापाची चोरटी विक्री होते, गरीब माणसे लुबाडली जातात, आणि गुप्तधनासाठी माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल जाते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात त्याच वर्षी झाला. मांडूळ विकणारा आणि कादंबरीकार यांच्यात फरक हाच : पहिला म्हणतो, “पैसे दे, मोल दुसरा कोणी देईल.” दुसरी म्हणते, “हे खरे नाही. पण खरे असते, तर तू कोणते मोल दिले असतेस?” पहिला आशेचा धंदा करतो, दुसरी मनाची परीक्षा घेते.

येथे आपल्याला आपल्याकडेही पाहिले पाहिजे. पदके, जपमाळा, पवित्र पाणी या वस्तू आपल्याही घरांत आहेत. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने जादूटोणा आणि ताईत यांचा निषेध केला आहे. त्याच ग्रंथाने असेही बजावले आहे की, अंतःकरणाची तयारी नसताना प्रार्थनेच्या वा पवित्र चिन्हांच्या केवळ बाह्य कृतीला सामर्थ्य चिकटवणे हीसुद्धा अंधश्रद्धाच. मोशेने देवाच्या आज्ञेने उभारलेला पितळी साप लोक पुढे धूप जाळून पुजू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. सिमोन जादूगाराने प्रेषितांपुढे पैसे ठेवून पवित्र आत्म्याचे दान विकत मागितले. पेत्राने त्याला झिडकारले. आणि बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा प्रभूने वस्त्राचे सामर्थ्य सांगितले नाही, तिच्या विश्वासाचे सांगितले. परीक्षेच्या दिवशी मुलाच्या गळ्यात पदक घालताना आपण त्याला काय सांगतो? “हे घाल, पास होशील” असे, की “हे घाल, म्हणजे तू कोणाचा आहेस ते आठवेल” असे? पहिले वाक्य बोलणाऱ्या घराला जादूच्या पुस्तकाची भीती बाळगण्याचा अधिकार नाही.

म्हणून त्या सूनबाईंना आम्ही सांगितले की, पुस्तक घरात राहू द्यावे, पण उशाखाली नको, दिवाणखान्यात असावे. मुलाबरोबर बसून वाचावे, आणि आरशाच्या प्रकरणाशी आल्यावर त्याला विचारावे, “तुला त्यात काय दिसलं असतं?” मग तोच प्रश्न आईबापांनी स्वतःलाही विचारावा. आजींनी परिसा भागवतांची गोष्ट सांगावी. ती त्या पुस्तकाची उत्तम प्रस्तावना ठरेल.

निघताना मुलगा आम्हांला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. “किल्ल्यात खरंच धन पुरलेलं आहे का?” त्याने हळूच विचारले. मस्तगड १७२५ साली बांधला गेला. त्यावरील फारसी शिलालेख ती साल सांगतो. तटबंदी बहुतेक गेली, बालेकिल्ला उरला, आणि पुढे तेथे नगरपालिकेची कार्यालये थाटली गेली. जेथे मुले हंडे आणि भुयारे शोधतात, तेथे थोरांनी कराच्या पावत्या फाडून घेतल्या. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण मिरवणारे हे गाव आज लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. इतके लोखंड असलेल्या गावात परीस सापडला तर काय होईल, याचा विचार त्या मुलाने केलेला होताच.

“सापडला तर काय करशील?” आम्ही विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आधी आईला दाखवीन.”

ज्या घरातले मूल परीस आधी आईला दाखवते, त्या घरात ते पुस्तक खुशाल असावे.